धुराच्या डब्यातील जाळी

माझे दीर नत्थुजी दूध घेताना आधी गवळ्याच्या मापाचा तळ पाहतात. तळ आत चेपलेला असेल तर दूध कमी येते, असे त्यांचे म्हणणे आहे. एसटीत बसले की कंडक्टरने दिलेले तिकीट ते उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवतात. स्वतःच्या लग्नात भटजींनी मंत्र लवकर आटोपले, तेव्हा त्यांनी बोहल्यावरूनच विचारले होते, "महाराज, मधातलं काही सुटलं तं नाही ना?" मी थोरली भावजय म्हणून अंतरपाटाजवळच उभी होते. त्यामुळे ही गोष्ट ऐकीव नाही.

हा स्वभाव त्यांना उगाच लागलेला नाही. आमचे घर पातूरचे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फुलांची आणि भाजीची बागायत आहे. नत्थुजी तरुण असताना झेंडूची आणि शेवंतीची पोती एसटीच्या टपावर टाकून अकोल्याच्या बाजारात नेत असत. तेथील एक अडत्या वजन करताना पोत्याला खालून आपला गुडघा लावीत असे. काटा हलका दाखवी आणि कोणाच्या लक्षात येत नसे. नत्थुजींच्या लक्षात आले. त्यांनी भरबाजारात खाली वाकून त्याचा गुडघा धरला आणि म्हणाले, "शेठजी, आधी याचं वजन सांगा." त्या दिवसापासून बाजारात त्यांचा माल कोणी खोटा तोलला नाही. त्यांच्या संशयाने आमच्या घराचे पुष्कळ भले केले आहे, हे मी मान्य करते.

पण तोच संशय घरातल्या माणसावर गेला, तेव्हा आमच्या नणंदेच्या मुलाचे गॅरेज बंद पडण्याची वेळ आली होती. तो प्रसंग मी येथे लिहीत आहे.

बैलजोडी विकल्यानंतर नत्थुजींनी अचलपूरच्या एका निवृत्त ग्रामसेवकाकडून जुनी पेट्रोल गाडी विकत घेतली. घेण्यापूर्वी ते त्या माणसाच्या शेजाऱ्यांना भेटले, त्याच्या किराणा दुकानदाराला भेटले आणि गाडीखाली पोते अंथरून स्वतः आडवे झाले. गाडी घरी आल्यावर मागची बैठक काढून तेथे फुलांची पोती ठेवण्याची जागा केली. पहाटेचा तोडा झाला की गाडी अकोल्याला जाई. गाडीत बारा महिने झेंडूचा वास असे. पाहुणे आले की त्यांनाही पोत्यांवर बसावे लागे.

गाडीचे काम करणारा शेखर, हा नत्थुजींच्या धाकट्या बहिणीचा, वच्छलाचा, एकुलता मुलगा. त्याने अकोल्यात आयटीआय केले, काही वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम केले आणि मग पातूरला परत येऊन बाळापूर रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे गॅरेज उघडले. गॅरेज नवीन होते. गिऱ्हाईक थोडे होते, आणि जे होते ते ओळखीने येणारे होते. माणूस गाडी ठेवून घरी जातो, तेव्हा तो मेकॅनिकच्या नावावर भरवसा ठेवून जातो. शेखरजवळ नावाशिवाय दुसरे भांडवल नव्हते.

पोळ्याच्या काही दिवस आधी गाडीचा धूर नेणारा पाइप मध्येच तडकला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी आवाज करू लागली. नत्थुजींनी ती शेखरकडे नेली. एरवी गाडीचे काम चालू असताना ते समोर बसून राहत. पण त्या दिवशी फुलांचा तोडा होता आणि मजूर आले नव्हते, म्हणून ते गाडी ठेवून परत आले. शेखरने पाइप उतरवला, त्याला वेल्डिंग केले, पुन्हा बसवला आणि दुसऱ्या दिवशी गाडी स्वतः घरी आणून दिली. आवाज गेला होता. नत्थुजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि किल्ली घेतली.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून त्या दिवशी पळसाच्या पानाने त्याला हळद आणि तूप चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. बैल गेले तरी नत्थुजींनी ही रीत सोडली नव्हती. मागील वर्षी त्यांनी गाडीच्या चाकांना हळद लावली होती. या वर्षी त्यांच्या मनात आले की चाक म्हणजे खूर, खांदा नव्हे. त्यांनी गाडीचे बोनेट उघडले आणि वाटी घेऊन आत वाकले.

माझी जाऊ पार्बताबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "अवो, बैलाले खांदा असते. हिले कुठं आहे?"

"जिथं जोर पडते तो खांदा."

"आन् जोर कुठं पडते ते कसं समजलं तुमाले?"

"जे तापते तेच राबते," असे म्हणून त्यांनी इंजिनाच्या पुढच्या अंगाला असलेली लोखंडी मान दाखवली. तिच्याखाली एक डबा चिकटलेला होता आणि वर बोटाएवढी एक वस्तू बसवलेली होती. तिच्यातून तारा निघत होत्या.

"मंग तेल लावा. घरचं तूप कायले नासवता?"

"बैलाले तूप आन् हिले तेल? हे का सवतीची आहे?"

त्यांनी सगळीकडे भरपूर तूप चोळले. मानेला चोळले, डब्याला चोळले, त्या बोटाएवढ्या वस्तूला आणि तिच्या तारांच्या सांध्यालाही चोळले. मग बोनेटवर हात ठेवून गाडीला विधिपूर्वक जेवणाचे आवतण दिले. दुसऱ्या दिवशी बोनेटवर पुरणपोळी ठेवली, ती शेजारच्या बकरीने खाल्ली. पुढे काही दिवस गाडी चालू केली की अंगणात पुऱ्या तळल्यासारखा वास येई. आम्हाला तो वास सणाचाच वाटला.

त्यानंतर एका सकाळी गाडीच्या काट्यांजवळ केशरी रंगाचा एक दिवा लागला. त्या दिव्यावर इंजिनाचे चित्र असते. दिवा विझेना. नत्थुजींनी त्यावर टिचकी मारली, तरी विझेना. गाडी नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल पिऊ लागली. मागून काळा धूर येऊ लागला आणि पांढऱ्या शेवंतीवर काजळी बसू लागली. अकोल्याला पीयूसी काढणाऱ्याने धुराच्या नळीत सळई घातली, यंत्राकडे पाहिले आणि मान हलवली.

"काका, गाडी पास होत नाही. सायलेन्सरच्या डब्यातली जाळी पाहून घ्या."

"कोनती जाळी?"

त्या माणसाने सांगितले की इंजिनाला लागून जो डबा असतो, त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते. तिच्यावर मौल्यवान धातूचा लेप असतो. धूर त्या छिद्रांतून जाताना त्यातील विष कमी होते. आणि शेवटी तो म्हणाला, "आहे ना पण जाळी? आजकाल काही लोक काढून इकून राहिले."

हे शेवटचे वाक्य त्याने सहज म्हटले असेल. नत्थुजींनी मात्र ते मनात घेतले आणि पातूरला आले.

ते घरी न येता बसस्थानकाजवळच्या पुंजारामच्या चहाच्या कॅन्टीनवर थांबले. पुंजाराम हा चहा देता देता सगळ्या गावाच्या बातम्या घेणारा माणूस आहे. पुढील बोलणे मला स्वतः पुंजारामनेच सांगितले.

"नत्थुजी, तोंड काहून उतरलं? झेंडूचा भाव पडला का?"

"झेंडू नाही पडला. जाळी गेली."

"कोनाची?"

"गाडीची. सोन्यावाणी धातू असते तीत."

"मंग काढली कोनं?"

"पाइप शेखरनं उतरवला. गाडी रातभर त्याच्यापाशी होती. मी नव्हतो."

"म्हनजे शेखरनं?"

"म्या नाव नाही घेतलं," नत्थुजी म्हणाले. "तुमीच हिशोब लावा."

कॅन्टीनवर बसलेल्या प्रत्येकाने हिशोब लावला. दुपारपर्यंत बाजारात आणि संध्याकाळपर्यंत भाजीच्या ओट्यांवर तो पोहोचला. शाळेची मुले नेणारी व्हॅन शेखरकडे दुरुस्तीला येत असे, ती येईनाशी झाली. एका गुरुजींनी आपली स्कूटर दिली, पण देताना शेखरला विचारले, "सगळं जागच्या जागी राहीन ना, बाबू?" शेखरने स्कूटर न उघडताच परत केली.

वच्छला आमच्याकडे आली तेव्हा आम्ही अंगणात हार ओवत बसलो होतो. तिने पाणीसुद्धा घेतले नाही.

"दादा, तू तुह्या भाच्याले चोर म्हनतं?"

"म्या नाही म्हटलं. गाडी म्हनून राहिली."

"गाडीले तोंड आहे का?"

"दिवा आहे."

"आग लागो त्या दिव्याले! उद्या पुंजारामच्या कॅन्टीनवर जा आन् चार लोकाइसमोर सांग का शेखरनं काही घेतलं नाही."

"पाह्यल्याबिगर मी काही सांगत नाही."

"न पाह्यता चोरी सांगतली, दादा. तेव्हा नाही लागलं पाहाले?"

नत्थुजींनी हातातील फूल खाली ठेवले. पण उत्तर नाही म्हणून संशय सोडावा, असा त्यांचा नियम नव्हता.

"मंग पाह्य ना," वच्छला म्हणाली. "शेखरलेच उघडाले लाव तुह्यासमोर."

"ज्याच्यावर शक त्याच्याच हाती पाना देऊ?"

तेव्हा वच्छला माझ्याकडे वळली. "वहिनी, पोट्टा पुन्याले जातो म्हनते, कंपनीत. कपड्याची थैली काढून ठेवली त्यानं. मले म्हनते, आई, ज्या गावात मामा माह्यावर भरोसा ठेवत नाही, त्या गावात दुसरा कोन ठेवीन? सांगा मले, काय सांगू त्याले?"

मी नत्थुजींकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊजी, गाडी कोनालेबी दाखवा, पण दाखवा. तो गेल्यावर जाळी सापडली तं काय कराल?"

त्यांनी रात्री जेवताना निर्णय सांगितला. गाडी अमरावतीला न्यायची. अकोल्यात नको, कारण अकोल्यातील मेकॅनिक शेखरला ओळखतात आणि ओळखीचा माणूस ओळखीच्या माणसाला सांभाळून घेतो. बरोबर मला घ्यायचे ठरले. मी प्रौढ वर्गात जाऊ लागल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद नत्थुजी आधी स्वतः वाचतात, मग माझ्याकडून वाचून घेतात. दोघांचे वाचन जुळले तरच त्यांना तो खरा वाटतो.

"तुमी साक्षीदार," ते म्हणाले. "डोळा काढू नका गाडीवरचा."

मूर्तिजापूर, बडनेरा करीत आम्ही निघालो. गाडी धापा टाकीत होती आणि मागे काळी रेघ सोडीत होती. मोटारसायकलवाले नाकाला रुमाल लावून पुढे जात होते. वाटेत नत्थुजी म्हणाले, "तिथं कोनाले सांगू नका का शेखर आपला आहे. नाहीतं ते लाजंनं खोटं बोलतीन."

अमरावतीचे ते गॅरेज मोठे होते. मालकाची मुलगी रागिणी तपासणीचे काम पाहत होती. तिच्या हातात पाटीसारखे एक यंत्र होते. तिने ते स्टेअरिंगखालच्या एका खोबणीत जोडले आणि त्यावर अक्षरे उमटली.

नत्थुजी मला म्हणाले, "वाचा."

अक्षरे इंग्रजी होती. मी तसे स्पष्ट सांगितले. मग नत्थुजींनी रागिणीकडे असे पाहिले, की जणू तिने मुद्दामच इंग्रजी निवडले होते.

"काका, हे म्हनते का धुराच्या सेन्सरची खबर बरोबर येऊन नाही राहिली," रागिणी म्हणाली.

"ते जाऊ द्या. जाळी आहे का नाही ते सांगा."

"कोनी काढली असंन असं वाटते का तुमाले?"

"तुमी पाहा. आमचं वाटनं आमच्यापाशी राहू द्या."

रागिणी हसली. इंजिन थंड होईपर्यंत तिने आम्हाला चहा दिला. नत्थुजींनी तो गाडीजवळ उभे राहूनच घेतला. मग तिने पान्याने ती बोटाएवढी वस्तू डब्याच्या वरून काढली. तिच्या जागी छिद्र पडले. लांब काळ्या नळीच्या टोकाला कॅमेरा होता. तो त्या छिद्रातून आत घालून पडद्यावर चित्र पाहायचे होते.

नत्थुजींनी तिचा हात थांबवला. "पडद्यावरचं चित्र आमच्याच गाडीतलं आहे कशावरून?"

मला फार संकोच वाटला. पण रागिणी रागावली नाही. तिने कॅमेऱ्याचे टोक त्यांच्यापुढे धरले. "यासमोर बोट धरा, काका."

त्यांनी बोट धरले. पडद्यावर त्यांचे बोट दिसू लागले. नखात बागेतील माती होती आणि झेंडूचा पिवळा डाग होता. ते बोट त्यांनी वाकवले, पडद्यावरचेही वाकले. त्यांनी पुन्हा सरळ केले. मग म्हणाले, "हाओ. आता घाला."

नळी आत गेली. पडद्यावर आधी काळोख आला, मग गंजलेली भिंत आली आणि मग पोळे दिसले. बारीक बारीक चौकोनी छिद्रे एकाला एक लागून होती. त्यांवर काजळी साचली होती, पण पोळे पूर्ण होते आणि कोठेही तुटलेले नव्हते.

"जाळी जागेवर आहे," रागिणी म्हणाली. "आन् हे पाहा, डब्याचे बोल्ट गंजून एक झाले. याले गाडी नवी होती तेव्हापासून कोनाचा हात लागला नाही."

नत्थुजी पडद्यापासून हलले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांना आनंद झाला असे मला दिसले नाही. बाजारात खाली वाकून हात घालावा आणि तेथे गुडघा नसावा, तसा तो चेहरा होता.

रागिणीने काढलेली ती वस्तू उजेडात नेली. तिच्या तारांचा सांधा उघडला आणि ती मोठ्याने हसली. "काका, गाडीचं लगन लावलं का तुमी? हळद लागली हिले!"

सांध्याच्या आत पिवळे, करपलेले, चिकट तूप भरले होते. आजूबाजूचे कारागीर पाहायला आले. एक जण म्हणाला, "नवरदेव ट्रक असंन." दुसरा म्हणाला, "वरात निघाली म्हनून तं एवढा धूर!"

रागिणीने मला नीट समजावून सांगितले, म्हणून मी ते लिहू शकते. ही वस्तू म्हणजे सेन्सर. त्याचे एक तोंड धुरात असते आणि त्याला बाहेरची स्वच्छ हवा तारांच्या बाजूने मिळते. दोन्ही हवा ताडून पाहून तो गाडीच्या यंत्राला कळवतो की पेट्रोल कमी पडत आहे की जास्त होत आहे. तुपाने बाहेरच्या हवेची वाट बुजली. त्यामुळे सेन्सरला सारखे वाटू लागले की पेट्रोल कमी आहे. त्याच्या सांगण्यावरून यंत्र अधिकाधिक पेट्रोल सोडू लागले. म्हणून काळा धूर आला, म्हणून दिवा लागला आणि म्हणूनच पीयूसी अडली.

तिने नवा सेन्सर बसवला. दिवा विझला. नत्थुजींनी जुना सेन्सर मागून घेतला आणि खिशात ठेवला.

परतीच्या वाटेवर गाडी शांत चालत होती. मूर्तिजापूर मागे पडल्यावर ते म्हणाले, "शेखरनं जाळी काढून, मंग भिऊन परत बसवली असंन तं?"

"भाऊजी, बोल्ट गंजलेले होते. तुमीच डोळ्यानं पाह्यले."

"मंग हळद त्यानं लावली असंन. आपलं पाप झाकाले."

मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. त्यांनी घेतली. मी म्हणाले, "पळसाचं पान म्या तोडून देल्लं होतं. तूप पार्बताचं होतं. वाटी तुमच्या हातात होती. आता यात शेखर कुठं बसवता, ते मले सांगा."

त्यांनी गाडी सुरू केली. घरी आल्यावर पार्बताबाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तो सेन्सर तुमच्याच वळनावर गेला म्हना की. भायेरची हवा घेत नाही आन् कमी आहे, कमी आहे म्हनून वरडते." नत्थुजी वच्छलाकडे गेले आणि शेखर अजून गावातच आहे ना, एवढे विचारून परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला आणि पार्बताबाईला घेऊन पुंजारामच्या कॅन्टीनवर आले. गाडी त्यांनी बाकांच्या अगदी समोर उभी केली. खाली उतरून ते म्हणाले, "ऐका राजेहो. शेखरनं जाळी घेतली नाही. जाळी जागेवर आहे. म्या डोळ्यानं पाह्यली. सेन्सर म्याच खराब केला, तूप लावून."

नत्थुजींनी खिशातून जुना सेन्सर काढून दाखवला. लोकांनी तो हातोहात फिरवला. मग पुंजाराम कप विसळता विसळता म्हणाला, "बराबर आहे, नत्थुजी. घरचं घरातच मिटवावं मानसानं."

"काय मिटवावं?"

"मी काही म्हनत नाही. भाचा आहे तुमचा. बहीन रडत आली असंन. आमीबी तेच केलं असतं."

बाकांवरचे लोक समजूतदारपणे माना हलवू लागले. नत्थुजी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. आयुष्यभर त्यांनी कोणाचे बोलणे पुराव्याशिवाय मानले नव्हते, आणि आता त्यांच्यापुढे सगळे गाव तसेच बसले होते. काही दिवसांपूर्वी ज्यांनी चोरी एका वाक्यात मान्य केली होती, त्यांनाच आज खरेपणासाठी पुरावा हवा होता.

"असं का?" ते म्हणाले. "मंग उठा. पाहा."

त्यांनी बोनेट उघडले. गाडीच्या डिकीतून बागेतील नळ खोलण्याचा मोठा पाना आणला आणि आत वाकून नव्या सेन्सरला लावला. पाना घसरला. त्यांनी पुन्हा लावला आणि सगळा जोर घातला. इंजिन अजून गरम होते. त्यांचा हात भाजला, तरी ते सोडीनात. पार्बताबाई ओरडली, "अवो, राहू द्या!" कोणीतरी म्हणाले, "मोडते आता."

"मामाजी, थांबा."

शेखर आला होता. त्याला कोणी बोलावले, ते मला माहीत नाही. तो नत्थुजींकडे पाहत नव्हता. तो पान्याकडे पाहत होता. "आटे मरतीन त्याचे. इंजिन थंड होऊ द्या."

सगळे थांबले. चहा झाला. शेखरने चहा घेतला नाही. इंजिन थंड झाल्यावर त्याने खिशातून योग्य मापाचा पाना काढला, सेन्सर सोडवला, मोबाइलचा दिवा छिद्रावर धरला आणि स्वतः बाजूला सरकला.

नत्थुजी म्हणाले, "एक एक या."

लोक एक एक आले. काहींनी चष्मा लावला, काहींनी काढला. व्हॅनवाला आला, गुरुजी आले. प्रत्येक जण एक डोळा मिटून आत पाहत होता आणि सरळ होताना शेखरकडे न पाहता बाजूला होत होता. शेवटी पुंजाराम हात पुसत आला. तो बराच वेळ वाकून राहिला.

"हे तं पोळंच आहे, राजेहो," तो म्हणाला.

"कोनाचं आहे?" नत्थुजींनी विचारले.

"तुमचंच."

"कोनं घेतलं?"

"कोनंच नाही," पुंजाराम म्हणाला. नत्थुजींनी त्याला ते पुन्हा मोठ्याने म्हणायला लावले.

शेखरने सेन्सर परत बसवला, हात पुसले आणि निघाला. नत्थुजी त्याच्या मागे काही पावले गेले. "शेखर, पुन्याले..."

"पाइपाचा क्लॅम्प ढिला आहे, मामाजी. सकाळी तुमी इकडे येत होते तेव्हा आवाज आला मले. गाडी गॅरेजले आना."

एवढेच तो बोलला. पुण्याला जाण्याविषयी तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पण ज्याला गाव सोडायचे असते, तो ढिला क्लॅम्प पुढच्या माणसावर सोडतो, असे मला वाटले आणि माझ्या जिवात जीव आला. शाळेची व्हॅन त्याच आठवड्यात त्याच्याकडे परत आली.

नत्थुजी गाडी घेऊन गॅरेजला गेले. मीही गेले, कारण मला वच्छलाला भेटायचे होते आणि तिचे घर शेडच्या मागेच आहे. शेखरने गाडीच्या अगदी समोर एक खुर्ची आणून ठेवली.

"बसा, मामाजी."

"अरे, नाही. मी घरी जातो. तू करून ठेव."

"आता ज्याची गाडी त्यानं समोर बसाचं. साऱ्याइलेच सांगून राहिलो."

नत्थुजी बसले. शेखरने काम सुरू केले. प्रत्येक बोल्ट काढला की तो त्यांच्यासमोर पत्र्यावर ठेवी, आणि त्यांनी पाहिल्याशिवाय पुढच्या बोल्टला हात लावीत नसे. तो उद्धटपणे वागत नव्हता. मामाजी, मामाजी असेच म्हणत होता. काही वेळाने ऊन पायांवर आले आणि नत्थुजी पाणी पिण्यासाठी उठले. शेखरने लगेच पाना खाली ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"अरे, कर ना तू. मी आलोच."

"तुमी आल्यावर."

माठ पलीकडे, पाच-सहा पावलांवर होता. नत्थुजी थोडा वेळ त्या माठाकडे आणि थोडा वेळ शेखरच्या मागे बांधलेल्या हातांकडे पाहत उभे राहिले. मग पाणी न पिताच ते खुर्चीवर परत येऊन बसले, आणि शेखरने पाना उचलला.